परक्या शहरातलं यजमानपण

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या दुसरबीडला कामाचा माणूस आला की त्याला कुठं जेवू घालायचं, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. कंपनीचे साहेब आले, बँकेचे अधिकारी आले, जालन्याच्या मोंढ्यातले शेठ आले, तर ते घरीच जेवतात. आधी हातपाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, मग चहा, पावसापाण्याच्या गोष्टी, आणि स्वयंपाक झाला की ताटं. शेतात बेत असला तर रोडगे आणि वांग्याची भाजी. व्यवहाराचा विषय कधी काढायचा, ताट पुढं असताना की सुपारी कातरताना, हे कुणी शिकवलेलं नसतं. घरातल्या कर्त्या माणसाला ते बरोबर उमगतं.

तोच कर्ता माणूस मुंबईला किंवा हैदराबादला जातो आणि समोरच्याला जेवायला बोलवायची वेळ येते, तेव्हा मात्र गांगरतो. फोनवर हॉटेलं शोधतो, फोटो बघतो, सगळ्यात नावाजलेलं आणि सगळ्यात महाग ठिकाण ठरवतो आणि मनाशी म्हणतो, खर्चाला मागं पाहायचं नाही. विचार उमदा आहे. पण कामाचं जेवण फसतं ते बहुतेक वेळा या पहिल्याच पायरीवर.

आमच्या भागात हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, पण सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांत शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन वाढलं. मिरची, टोमॅटो, काकडी, कारली यांच्या संकरित बियाण्यासाठी बाया सकाळी सकाळी एकेका फुलावर हातानं क्रॉसिंग करतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं हा या पट्ट्याचा धंदा आहे. पूर्वी शेतकरी आणि कंपनी यांच्यामध्ये ऑर्गनायझर असायचा आणि वरचं सगळं बोलणं तोच करायचा. २०२० मध्ये केंद्र सरकारनं दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. गावागावांतल्या गटांच्या कंपन्या झाल्या आणि भाव, आगाऊ रक्कम, बियाणं तपासणीत नापास झालं तर नुकसान कुणाचं, हे थेट बोलण्याची वेळ संचालकांवर आली. समृद्धी महामार्ग दुसरबीडजवळूनच जातो. ५ जून २०२५ रोजी त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. मुंबई आता सकाळी निघून दुपारी गाठायची गोष्ट झाली. रस्ता सोपा झाला. तिथं पोचल्यावर पाहुण्याला बसवायचं कुठं, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

माझं सांगणं एकच आहे. परक्या शहरात आपल्याला घर नसतं, म्हणून कामाच्या जेवणासाठी जे हॉटेल निवडायचं ते दोन तासांसाठी भाड्यानं घेतलेलं आपलं घर असतं. तिथं आपल्याला यजमान म्हणून वागता येईल का, एवढंच पाहायचं. पदार्थ, सजावट, तारांकन, भाव, नाव हे सगळं या प्रश्नाच्या मागून येतं.

घरी यजमानाच्या हातात काय काय असतं ते बघा. पाहुण्यानं कुठं बसायचं हे तो सुचवतो. रेडिओ मोठ्यानं लागला असेल तर बंद करायला सांगतो. पाहुण्याला काय चालत नाही हे त्यानं आधीच घरात कळवलेलं असतं. वाढायला कधी घ्यायचं ते तो ठरवतो, आणि जेवण झाल्यावर उठा म्हणून कुणी खोळंबलेलं नसतं. पैशांचा तर विषयच निघत नाही. उंची हॉटेलात आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, ते या अधिकारांसाठी मोजतो. भाजीत पनीर तेच असतं. पण दोन टेबलांत अंतर असतं, खुर्चीवर दीड-दोन तास बसलं तरी कुणी घड्याळ दाखवत नाही, आणि एकदा सांगितलेली गोष्ट वेटरच्या लक्षात राहते. ज्या महाग हॉटेलात हे मिळत नाही, तिथं आपण नुसते पैसे घालवून बसतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. फार नावाजलेलं ठिकाण कामाच्या पहिल्या जेवणाला बरं नव्हे. हैदराबादचा फलकनुमा घ्या. पायगा घराण्यातल्या विकार-उल-उमरांनी बांधलेला हा महाल पुढं निजामाकडे गेला आणि २०१० पासून ताजचं हॉटेल झाला. तिथल्या भोजनदालनात एका टेबलावर १०१ माणसं बसतात. अशा ठिकाणी पाहुणा महाल बघणार, झुंबरं बघणार, निजामाच्या गोष्टी ऐकणार. यजमानपद महालानंच घेतलेलं असतं. तुम्ही आणि तुमचा पाहुणा, दोघंही त्याचे पाहुणे. दिल्लीला आयटीसी मौर्यमधलं बुखारा १९७० च्या दशकापासून जगभर नाव कमावून आहे. तिथं गळ्यात ॲप्रन बांधून हातानं जेवायची रीत आहे आणि तिची मजा खरीच आहे. पण हाताला तंदुरीचा मसाला लागलेला असताना कराराचा कागद पुढं करता येत नाही. सौदा ठरल्यावर, सह्या झाल्यावर, दोन्हीकडची माणसं मोकळी झाली की बुखाराला जावं. तेव्हा त्या जागेनं आपल्याला पाहुणे करून घेतलं तरी काही बिघडत नाही.

मग नावाजलेल्या ठिकाणी मोठी माणसं कामाची जेवणं घेतच नाहीत का? घेतात, आणि त्यांचं उदाहरण आपल्या मुद्द्याच्या बाजूचंच आहे. न्यूयॉर्कला सीग्रॅम बिल्डिंगमध्ये १९५९ साली फोर सीझन्स नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं. १९७९ मध्ये एस्क्वायर मासिकात त्याच्या ग्रिल रूममधल्या दुपारच्या जेवणावर लेख आला आणि ‘पॉवर लंच’ हा शब्द तिथून पसरला. उंच छत, लांब लांब मांडलेली टेबलं, आणि मुख्य म्हणजे नेहमीच्या माणसाचं टेबल ठरलेलं. प्रकाशक, बँकर, वकील आपापल्या जागेवर येऊन बसत. पाहुणा आला की तो त्या माणसाच्या टेबलावर आला, असा अर्थ होई. तिथल्या नेहमीच्या माणसांनी ते घर रोज दुपारी येऊन येऊन कमावलेलं होतं. आपण एका दिवसासाठी गेलेले असतो. आपल्याला ते एका दिवसात उभं करायचं आहे, म्हणून आपली निवड त्यांच्यापेक्षा जास्त काळजीची.

जवळचं उदाहरण मुंबईचंच आहे. जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडलं. त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये मुंबईतल्या कितीतरी घरांनी मुलगी बघण्याचे कार्यक्रम उरकले. त्या जागेची तशी ख्यातीच आहे. मराठी माणसाला या कार्यक्रमाची नाजूक बाजू सांगायला नको. दोन्ही घरं एकमेकांना तोलत असतात आणि तसं दाखवायचं नसतं. नकार आला तरी कुणाचा पाणउतारा होऊ नये, गप्पा थांबल्या तर बघायला खिडकीबाहेर समुद्र असावा, मुलामुलीला थोडं बाजूला बसता यावं, आणि कुणी ‘आणखी काही घेणार का’ म्हणत डोक्यावर उभं राहू नये. धंद्याच्या पहिल्या भेटीला याहून वेगळं काय लागतं? तिथंही दोघं एकमेकांना पारखत असतात आणि नकार देण्याची वाट दोघांना हवी असते. म्हणून पहिल्याच भेटीला पूर्ण जेवण कशाला, मोठ्या हॉटेलच्या लाउंजमध्ये दुपारचा चहाही पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो. खर्च कमी, वेळ हातात, आणि बोलणं जमलं तर जेवण पुढच्या वेळी.

आता आवाजाकडे येतो. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हॉटेल निवडताना याच गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि जेवण सगळ्यात जास्त हिच्यामुळेच वाया जातं.

दोन माणसं टेबलावर समोरासमोर बसून नेहमीच्या सुरात बोलतात, तेव्हा आवाज साधारण साठ डेसिबल असतो. आजूबाजूचा गलका त्याच्या जवळपास गेला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञानं १९११ साली हे मांडलं आणि त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. हॉटेलात काय होतं? एका टेबलाचा आवाज चढला की शेजारचं टेबल चढवतं, त्याच्या शेजारचं आणखी, वर गाणी असतात, आणि रात्री नऊच्या सुमाराला अख्खं दालन ओरडत असतं. ओरडून भाव ठरवता येत नाही. ‘बियाणं तपासणीत गेलं तर आमची जबाबदारी किती’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला तर सल्लामसलत वाटतो. तोच ओरडून विचारला की भांडण वाटतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये यावर काम केलं, की गोंगाटातही माणूस एकाच आवाजावर कान कसा लावतो. तरुण माणसाला ते जमतं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, कान थोडा मंदावलेल्या माणसाला फार जड जातं, आणि कंपन्यांत निर्णय घेणारी माणसं पुष्कळदा त्याच वयाची असतात. असा माणूस ‘ऐकू येत नाही’ म्हणत नाही. तो हसून मान हलवतो. तुम्हाला वाटतं, मान्य झालं.

हे फोटोवरून कळत नाही. म्हणून आदल्या दिवशी, ज्या वेळेला जेवण आहे त्याच वेळेला, स्वतः जाऊन बसावं. चहा किंवा सूप मागवावं. पोटाला काही नको असलं तरी बसावं. डोक्यावर स्पीकर आहे का बघावं. स्वयंपाकघराचं दार कुठं आहे, ते हलतं दार असेल तर दर खेपेला भांड्यांचा खणखणाट बाहेर येतो का, बाथरूमकडे जाणारी वाट कोणत्या टेबलाला घासून जाते, एसीचा झोत कुणाच्या मानेवर पडतो, हे सगळं दहा मिनिटांत दिसतं. खाली नुसती फरशी, भिंतीला काच आणि टेबल उघडं असेल तर आवाज फिरत राहतो. गालिचा, पडदे, कापडाच्या गाद्या असतील तर तो मुरतो. मग शेजारच्या टेबलावरची माणसं काय बोलताहेत ते ऐकून बघावं. त्यांचे शब्द कळत असतील तर उद्या तुमचेही त्यांना कळतील, आणि बियाण्याच्या धंद्यात शेजारच्या टेबलावर कोण बसलेलं असेल याचा भरवसा नसतो. एखादं टेबल पसंत पडलं की मॅनेजरला तेच दाखवून सांगावं, हे हवं. पाहुण्याची पाठ भिंतीला यावी, मागून कुणाची ये-जा नसावी. आपण वेटर दिसेल असं बसावं, म्हणजे हाक मारायची वेळ येत नाही, नजरेनं काम होतं.

वेळ निवडण्यातही हीच युक्ती आहे. दुपारी हॉटेल उघडतं तेव्हा, साडेबाराच्या सुमारास, पहिलं टेबल आपलं असावं. रात्रीचं जेवण असेल तर सात ते नऊ हा काळ आपला. मुंबईत उंची हॉटेलं त्यानंतरच भरतात. आणि जागा पाहुण्याच्या ऑफिसजवळची घ्यावी. आपण बुलढाणा जिल्ह्यातून आलोच आहोत, आणखी दहा किलोमीटरनं आपलं काही जात नाही. पण वांद्रे-कुर्ला संकुलात बसणाऱ्या माणसाला दुपारी फोर्टला बोलावलं, तर तो ट्रॅफिकमध्ये चिडून येतो आणि आल्यापासून घड्याळ बघतो.

पाहुणा काय खातो, हे कुणाला विचारायचं? हॉटेलला नाही, ॲपला नाही. पाहुण्याच्या ऑफिसात फोन करून त्यांच्या हाताखालच्या माणसाला सरळ विचारायचं, ‘साहेबांचं खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का?’ घरी आपण विहीणबाईंना विचारतोच ना. यात कमीपणा काही नाही, उलट विचारलं हे साहेबांच्या कानावर जातं आणि तिथूनच यजमानपण सुरू होतं. आपल्याकडे हा प्रश्न शाकाहारी की मांसाहारी एवढ्यावर सुटत नाही. एकादशी आहे का, श्रावण आहे का, गुरुवार पाळतात का, नवरात्र बसलंय का, रमजान चालू आहे का. बियाणं, पोलाद, डाळी या धंद्यांत जालन्यापासून मुंबईपर्यंत जैन मंडळी पुष्कळ. कांदा-लसूण-बटाटा चालत नाही इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण जी माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत त्यांचा विचार कमी होतो. मुंबईत जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या पुढंमागं मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. म्हणजे जूनमध्ये साडेसहाचं जेवण जमेल, डिसेंबरात रात्रीचं आमंत्रणच चुकीचं; दुपारच बरी. काहींना मांसाहार शिजतो ती जागाच चालत नाही. त्यांच्यासाठी शुद्ध शाकाहारी हॉटेलच हवं, वेगळी भांडी वापरतो या आश्वासनावर भागत नाही. हिरेबाजार तिथंच असल्यामुळं वांद्रे-कुर्ला भागात उत्तम शाकाहारी जेवण देणारी उंची ठिकाणं शोधणं अवघड नाही.

थाळीचा मोह आपल्या माणसाला होतो. मेनू वाचायला नको, भाव दिसत नाहीत, सगळं येतं. पण अमर्याद थाळीच्या हॉटेलात पाच मिनिटं कान देऊन बसा. तुम्ही म्हणता, ‘आगाऊ रकमेचं असं आहे की...’ आणि वाढपी म्हणतो, ‘कढी?’ तो गेला की पुरीवाला, तो गेला की फरसाण, मग गरम फुलका, मग ‘आमरस देऊ?’ एकेक माणूस प्रेमानं वाढतो, पण वाक्य काही पुरं होत नाही. कुटुंबाला घेऊन जायला याहून चांगली जागा नाही. हिशोबाचं बोलायचं असेल तर नको.

त्यापेक्षा मधोमध ठेवलेल्या चार भाज्या आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं, हे मला उजवं वाटतं, आणि ते नुसतं वाटणं नाही. केटलिन वूली आणि आयलेट फिशबॅक या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या लावून एकाला कामगारांच्या, दुसऱ्याला मालकाच्या बाजूनं पगाराची बोलणी करायला लावली. त्याआधी त्यांना चिप्स आणि साल्सा खायला दिला. काही जोड्यांना एकाच वाडग्यातून, काहींना वेगवेगळ्या. खोट्या संपाचे दिवस मोजले गेले. एका वाडग्यातून खाणाऱ्यांचा तोडगा सरासरी नऊ दिवसांत निघाला. वेगळ्या वाडग्यांच्या जोड्यांना चार दिवस जास्त लागले. एकाच भांड्यातून घेताना समोरच्याला किती राहील याचा विचार आपोआप होतो, असं त्याचं कारण दिसतं. शेतात एका टोपल्यातल्या रोडग्यांवर ज्यानं जेवण केलंय त्याला हे नव्यानं सांगायला नको. फक्त हॉटेलात वाढायला चमचा वेगळा असावा आणि पहिला हात पाहुण्याचा.

इथं एका अवघड गोष्टीबद्दल बोलायला हवं. आमच्याकडचा माणूस पाचतारांकित हॉटेलच्या दारात बिचकतो. काचेचं दार, इंग्रजी बोलणारी पोरं, चकाकणारी फरशी. मग तो मेनू पाहुण्याच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘तुम्हीच सांगा साहेब, आम्हाला काय कळतंय.’ हे नम्रपणानं होतं, पण त्या एका वाक्यात यजमानपद हातचं जातं. पाहुणा उजवीकडच्या किमती बघून संकोचतो, मधलंच काहीतरी सांगतो, आणि पुढचा वेळ तो तुमची काळजी घेत बसतो. युरोपातल्या काही जुन्या रेस्टॉरंटांत पाहुण्याला किमती नसलेला मेनू देण्याची पद्धत होती, ती याचसाठी. आपण आदल्या दिवशी गेलेलो असतो, तेव्हाच मॅनेजरजवळ पदार्थ ठरवून ठेवावेत. मराठीत किंवा हिंदीत बोलावं, सावकाश बोलावं. संभाजीनगरच्या रौजाबागेत १९८९ पासून ताजच्या सहकार्यानं चालणारी हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे. देशातल्या मोठमोठ्या हॉटेलांत तिथं शिकलेली माणसं काम करतात. समोर उभी असलेली काळ्या कोटातली व्यक्ती जालन्या-परभणीकडची निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नका. नाही निघाली तरी तिचं काम तुमची सोय बघणं हेच आहे. माझा तर असा सल्ला आहे, की मुंबईच्या आमंत्रणाआधी संभाजीनगरला जालना रोडवरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात घरच्यांना घेऊन एकदा जेवून यावं. बायकोला, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. नॅपकिन, काटे-चमचे, बिलाची वही या सगळ्यांची ओळख आपल्या माणसांत होऊन जाते, आणि तो खर्च वाया जात नाही.

दारूबद्दल थोडक्यात. पाहुण्यानं मागितली तर आपण न घेताही त्यांना देता येते. आपण आधी मागवू नये आणि आग्रह तर मुळीच करू नये. घरी ‘आणखी एक पोळी’ हा आग्रह शोभतो. कामाच्या टेबलावर आग्रह झाला की समोरच्याला त्यामागं हिशोब दिसतो.

बिल ही खरी परीक्षा. घरी नसलेली ही एकच गोष्ट आणि सगळं यजमानपण तिच्यावर अडखळतं. बिलाची वही टेबलावर येते, दोन हात एकदम पुढं जातात, ओढाताण होते. किंवा क्यूआर कोड येतो, तळघरातल्या हॉटेलात नेटवर्क नसतं, आणि साहेब उभे राहून वाट बघताहेत. म्हणून कार्ड जेवणाआधीच मॅनेजरकडं देऊन ठेवावं आणि बिल टेबलावर आणू नका असं स्पष्ट सांगावं. कंपनीचा जीएसटी नंबर तेव्हाच लिहून द्यावा. जेवणावरच्या कराचा परतावा मिळत नाही, पण हिशोबाला पक्कं बिल लागतं. सेवा शुल्काचंही तेव्हाच विचारून घ्यावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की ते आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. हक्क आपला आहे, पण तो पाहुण्यासमोर बजावायचा नसतो. ज्या टेबलावर आपण लाखांचा भाव बोललो तिथं दहा टक्क्यांवरून वाद घातलेला पाहुण्याच्या लक्षात राहतो.

एवढं सगळं झाल्यावरही एक गाठ राहते, आणि ती मला या विषयातली सगळ्यात गोड वाटते. शहर आपल्याला परकं असतं; पाहुण्याचं ते स्वतःचं गाव असतं. हैदराबादचा माणूस म्हणतो, ‘आमच्या गावात येऊन तुम्ही पैसे देणार? होणार नाही.’ आपल्या रीतीनं पाहिलं तर त्याचंच बरोबर आहे. गावात आलेल्याला गावकऱ्यानं जेवू घालावं. म्हणून आमंत्रणाच्या फोनवरच ‘जेवण आमच्याकडून आहे’ हे बोलून टाकावं. तेव्हा हो म्हटलेला माणूस नंतर सहसा मोडत नाही. आणि त्यानं तेव्हाच नकार दिला, जागाही आपणच ठरवतो म्हणाला, तर मुकाट्यानं पाहुणा व्हावं. तो म्हणेल तिथं जावं, तो मागवेल ते खावं, ताटात टाकू नये. त्याच वेळी त्याला दुसरबीडचं आमंत्रण द्यावं. शेडनेटमध्ये क्रॉसिंग चालू असतं तेव्हा या म्हणावं, सकाळी लवकर या, उन्हं चढायच्या आत प्लॉट बघू आणि मग शेतातच जेवू. तारीख मात्र १२ जानेवारीच्या आसपासची देऊ नये. त्या दिवशी जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेड राजाला लाखोंनी माणसं येतात, जालन्याकडून येणारा रस्ता गाड्यांनी भरून जातो, आणि पाहुण्याची गाडी सकाळच्या वेळेला पोचणं अवघड होतं.